देसी, देशी आणि नोकरनामा

येडशीचं नाव लोकांनी दोन कारणांनी ऐकलेलं असतं. एक रामलिंग. श्रावणात धाराशिव, बार्शी, लातूरकडून माणसं घाटात उतरतात, जटायूची गोष्ट ऐकतात, पाऊस बरा झालेला असला तर धबधब्याखाली भिजतात आणि माकडांना शेंगदाणे घालून परत फिरतात. दुसरं कारण रस्ता. सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाला तेव्हा त्याचे तुकडे पाडले गेले, त्यातला एक 'सोलापूर–येडशी' आणि पुढचा 'येडशी–औरंगाबाद'. त्यामुळे दिल्लीतल्या फायलींत आमच्या गावाचं नाव एखाद्या मोठ्या शहरासारखं छापलेलं आहे. बार्शी–लातूर रस्ताही इथूनच जातो. म्हणजे माणूस चारही बाजूंनी येतो, थांबतो, खातो-पितो आणि पुढं गाडी चालवतच जातो.

ही पुस्तिका त्या 'पितो' आणि 'गाडी चालवतच जातो' यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. त्या जागेत एक माणूस उभा असतो. वाइन शॉपच्या जाळीमागं, देशीच्या दुकानात, परमिट रूमच्या काउंटरवर नाहीतर टेबलापाशी ट्रे घेऊन. त्याला काय यायला हवं आणि त्याला ते कोण शिकवतं, एवढाच विषय. पिणाऱ्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच्या बायकोवर थोडं कमी. विकणाऱ्या मालकावर तर वर्तमानपत्रात दर महिन्याला काही ना काही येतंच. पगारावर बाटली हातात देणारा पोरगा मात्र कुणाच्याच लिखाणात नाही.

आमच्याकडच्या कुठल्याही बाजारगावातून एक चक्कर मारा. मेडिकलमध्ये फार्मासिस्टचं नाव लावलेलं दिसेल, कारण 1948 च्या फार्मसी कायद्यानं औषध देणारा शिकलेला असावा असं ठरवलं. (तो स्वतः गल्ल्यावर किती वेळ बसतो, हा निराळा विषय.) एसटीच्या कंडक्टरला तिकीट फाडायला बिल्ला लागतो. आणि कृषी सेवा केंद्रात बहुधा एक फ्रेम दिसेल: 'देसी' पदविका. खतं-औषधं विकणाऱ्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं 2003 मध्ये सुरू केलेला हा वर्षभराचा अभ्यासक्रम. रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी वर्ग, चाळीस बैठका, आठ शिवारफेऱ्या, शेवटी परीक्षा. 2015 मध्ये कीटकनाशकांचे नियम बदलले आणि विक्रेत्याला कृषी किंवा तत्सम विज्ञानाचं शिक्षण हवं असं ठरलं. तेव्हा वीस-वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसांची कोण धावपळ झाली. मुदतवाढी मिळाल्या, कुरकुर झाली, पण पन्नाशीचे दुकानदार वही-पेन घेऊन वर्गात बसले. तुरीवरच्या अळीचं विष विकायचं तर ते किती पाण्यात किती टाकायचं आणि अंगावर सांडलं तर काय करायचं, हे विकणाऱ्याला ठाऊक पाहिजे. यात कुणाला वावगं वाटलं नाही.

आता देसीवरून देशीकडं या. पाटी ठळक असते: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. मान्यता दुकानाला आहे. आत उभ्या असलेल्या माणसाला कुठलीही परीक्षा नाही, वर्ग नाही, अर्ध्या दिवसाची शिकवणीसुद्धा नाही.

त्याच्याकडं एक कागद मात्र असतो, नोकरनामा. परवानाधारकानं आपल्या नोकराच्या नावे दिलेला आणि एक्साइजच्या साहेबानं सही केलेला. या धंद्यात विकणाऱ्या माणसाची सरकारदरबारी जी काही नोंद आहे ती ही एवढी. हा अमुकचा नोकर, अमुक परवान्यावर काम करतो, त्यानं काही केलं तर मालक जबाबदार. त्याला काय येतं, हा रकानाच त्यात नाही. ज्यांनी हा कागद घडवला त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या डोळ्यांसमोर महसूल होता, आणि माल चोरवाटेनं जाऊ नये ही काळजी होती.

अबकारीचा सगळा इतिहासच असा आहे. येडशी निजामाच्या राज्यात, तिकडं बार्शी मुंबई इलाख्यात. मधलं अंतर बैलगाडीनं दिवसभराचंसुद्धा नाही, पण दारूचे कायदे दोन. आमच्या बाजूला हैदराबादचा अबकारी कायदा, शिंदीची झाडं मोजलेली आणि दुकानं लिलावात गुत्त्यानं दिलेली. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणाऱ्यालाही आपण आजवर गुत्तेदारच म्हणतो. 'दारूचा गुत्ता' त्याच घरातला शब्द. ज्याची बोली मोठी तो विकायला लायक, पात्रता म्हणावी तर तीच. तिकडं मुंबई राज्यानं 1949 चा दारूबंदी कायदा केला. राज्यांची पुनर्रचना झाल्यावर, 1959 मध्ये, तोच कायदा आमच्याकडंही आला. पुढं बंदी सैल होत गेली, परवाने आले, परमिट रूम आल्या, पण कायद्याचं नाव दारूबंदीच राहिलं. आज महाराष्ट्रात जी काही दारू अधिकृतपणे विकली जाते ती दारूबंदी कायद्याखाली विकली जाते. जुनी माणसं एक्साइज खात्यालाही अजून 'दारूबंदी'च म्हणतात. या नावामुळं एक अडचण झालीय असं मला वाटतं. जी गोष्ट बंद आहे असं कायद्याचं नाव सांगतं, ती नीट कशी विकावी हे त्याच कायद्यानं शिकवायचं कसं? त्यामुळं अटी भरपूर आणि शिकवणी शून्य.

अटी वाचल्या तर त्यात शहाणपण आहे. नशेत असलेल्याला देऊ नका, वय पाहा. बिअर-वाइनला 21 पूर्ण, कडक दारूला 25. गिऱ्हाइकाकडं परमिट हवं. ते एक दिवसाचंही मिळतं, विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात ते त्यावरूनच, आणि तिथं परमिट मागितलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. मतदान संपायच्या आधीचे 48 तास बंद, गांधीजयंतीला बंद. हे सगळं मालकाच्या फाइलीत असतं. 'नशेत असलेला' म्हणजे नक्की कोण, हे रात्री साडेनऊला ठरवायचं असतं ते काउंटरवरच्या पोरानं.

आमच्या भावकीतला एक पोरगा महामार्गालगतच्या एका परमिट रूमला कामाला लागला. नाव, गाव, हॉटेल कशाला सांगू. त्याला मी विचारलं, तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं? तो म्हणाला, "दादा, तीन गोष्टी सांगितल्या. भाव, फ्रिजची किल्ली, आन् साहेब आले की कुणाला फोन लावायचा." पेग तीसचा आणि साठचा हे त्यानं बघून बघून शिकून घेतलं. पहिल्या आठवड्यात त्यानं गल्लीतल्याच एका वयस्कर माणसाला तिसरी नव्वद दिली आणि तो माणूस मोटारसायकलला किक मारून निघून गेला. पोहोचला नीट, काही झालं नाही. पण पोराला रात्रभर झोप लागली नाही. मी म्हटलं, मग नाही म्हणायचं होतंस. त्यावर तो जे बोलला त्यावरून ही पुस्तिका सुरू झाली. "तात्यांना मी नको म्हणू? माझ्या बापाच्या मयतीला खांदा दिलाय त्यांनी."

इंग्रजीतली पुस्तकं इथं उपयोगाला येत नाहीत. ब्रिटनमधल्या दुकानांत पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचं, असा रिवाज दुकानदारांनी पाडलाय. अठरा ही कायद्याची मर्यादा आणि वरची सात वर्षं अंदाज चुकला तर सांभाळून घ्यायला. आमच्या गावातल्या विक्रेत्याला ओळखपत्र काय करायचंय? समोरच्या पोराची बारशाची तारीख त्याला माहीत असते. त्याची अडचण माहितीची नाही, नात्याची आहे. गुरुजींना, सरपंचाच्या मुलाला, उधारी देणाऱ्या दुकानदाराला 'बास' कोण म्हणणार? आणि तोच विक्रेता रात्री अकराला महामार्गावरच्या गिऱ्हाइकासमोर उभा असतो तेव्हा उलटं होतं. नांदेड पासिंगची गाडी, माणूस कोण, कुठला, पुढं किती लांब जायचाय, काहीच ठाऊक नाही. येडशीसारख्या ठिकाणी एकाच काउंटरला ही दोन गिऱ्हाइकं तासाभराच्या अंतरानं येतात. शिकवायचं तर दोन्ही शिकवावं लागेल.

त्या पोरानं तात्यांसाठी स्वतःच एक युक्ती काढली. दुसरी नव्वद संपत आली की जवळ जाऊन हळू सांगायचं, "तात्या, घरून फोन आलता. काकू जेवायच्या थांबल्यात." फोन आलेला नसतो. तात्यांनाही ते कळत असावं. पण चारचौघांत कुणी नकार दिला नाही आणि कुणी अपमान केला नाही, म्हणून ते उठतात. ऑस्ट्रेलियात वाढप्यांना जबाबदारीनं दारू देण्याचा कोर्स करावा लागतो, त्यात नकार कसा द्यावा यावर स्वतंत्र भाग असतो: आवाज चढवू नका, इतरांसमोर बोलू नका, दुसरं काहीतरी पुढं करा. तेच. फक्त त्यांच्याकडं काकू नाहीत.

आता थोडा हिशोब. बाटलीवर '42.8 टक्के' आणि '25 यूपी' छापलेलं असतं. यूपी म्हणजे 'प्रूफच्या खाली'. जुन्या इंग्रजी पद्धतीत दारू बंदुकीच्या दारूवर ओतायचे आणि ती तरीही पेटली तर माल कसाला उतरला असं धरायचे. ती पातळी पुढं 57.1 टक्के ठरली. तिच्या 25 टक्के खाली म्हणजे 42.8. मला भेटलेल्या काउंटरवरच्या एकाही माणसाला हे सांगता आलं नाही. एकानं तर यूपी म्हणजे उत्तर प्रदेशचा माल असं छातीठोकपणे सांगितलं. हे न कळल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढचं न कळल्यानं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 77 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, वजनात साधारण 61 ग्रॅम. माणसाचं यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटतं, आणि लिंबू, कॉफी, थंड पाणी यांपैकी कशानंही ते घाई करत नाही. म्हणजे रात्री नऊला संपलेली क्वार्टर पहाटे तीन ते पावणेसहापर्यंत अंगात असते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. 65 किलोच्या माणसाला उपाशीपोटी एक लार्ज पेगसुद्धा तिच्या वर नेतो.

आणि बिअर. 'बिअरच तर घेतली' हे वाक्य या रस्त्यावर जितक्या वेळा बोललं जातं तितकं दुसरं कुठलंच नसेल. स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांपर्यंत असते. 650 मिलीच्या बाटलीत 52 मिली अल्कोहोल, म्हणजे दोन लार्ज पेग जवळजवळ तंतोतंत. कायद्यानं बिअरला सौम्य धरून वय चार वर्षांनी खाली ठेवलंय. यकृताला तो नियम कुणी कळवलेला नाही. हे त्या पोराला सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइलवर गुणाकार करून बघितला, दोनदा केला आणि म्हणाला, "मंजी शुक्रवारी चार बाटल्या पिऊन गेला त्यो..." वाक्य तसंच सोडलं.

यापेक्षाही कमी वेळात माणूस घालवणारी गोष्ट म्हणजे बनावट दारूतलं मिथेनॉल. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये शंभरावर माणसं गेली. 2017 मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या दिवसांत नगर जिल्ह्यातल्या पांगरमलला पार्टीतली दारू प्यायलेली माणसं गेली. मिथेनॉल वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. पोटात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढं धुकं येतं आणि मग श्वास. 'चढलीय, झोपू दे' म्हणून बाजूला टाकलेला माणूस अशा वेळी हातचा जातो. टोपणाची सील फिरलेली, लेबल तिरकं चिकटवलेलं, तीच बाटली पुन्हा भरलेली, हे ओळखणारा आणि बेशुद्ध माणसाला उताणा न ठेवता कुशीवर वळवून दवाखान्यात धाडणारा माणूस दुकानात असला तर फरक पडतो. त्याला हे शिकायला दोन तास पुरतात.

दोन तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. स्कॉटलंडमध्ये दारू विकणाऱ्या साध्या नोकरालाही काउंटरवर उभं राहण्याआधी किमान दोन तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. इंग्लंडात 2003 च्या कायद्यानं दुकानाचा परवाना आणि माणसाचा परवाना वेगळे केले. माणसाच्या परवान्याला वय 18, मान्य परीक्षा आणि गुन्ह्यांची चौकशी. दुकानातली प्रत्येक विक्री अशा परवानाधारकाच्या नावावर, त्याच्या संमतीनं. कॅलिफोर्नियानं 2022 पासून वाढप्यांना परीक्षा सक्तीची केली. म्हणून तिकडं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या वर्गांनी फार काही होत नाही, हेही तिकडच्या अभ्यासकांनीच दाखवलंय. स्टॉकहोमला 1996 पासून वाढप्यांना शिकवलं, शिवाय पोलीस, परवाना खातं आणि बारमालक एका टेबलावर आणले आणि तपासण्या वाढवल्या. तिथं हिंसक गुन्हे 29 टक्क्यांनी घटले. तिन्ही एकत्र झालं तेव्हा घटले. पोरगा शिकला आणि मालक म्हणाला, "गिऱ्हाईक तोडू नको," तर प्रमाणपत्र भिंतीवर लटकत राहणार.

आपल्याकडं कायदा आणि कोर्ट मीटर मोजतात. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना ते 220 मीटर केलं. येडशी त्यात बसते. राज्यभर टेप फिरले. काही मालकांनी दार मागच्या बाजूला काढून रस्ता लांब केला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. नंतर शहरांना आणि मग काही ग्रामपंचायतींना सूट मिळत गेली. कारण चांगलं होतं. रस्त्यावर मरणारी माणसं होती. पण 220 मीटर चालत जाऊन प्यायलेला माणूस 220 मीटर चालत परत येतो आणि तीच गाडी चालू करतो. त्याला गाडी कुठली आहे हे विचारणारं मधे कुणी नव्हतं. मग 27 जानेवारी 2022 ला सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला. त्यावर किती वाद झाला: संस्कृती, शेतकरी, द्राक्षं, अण्णा हजारे. शेवटी तो बारगळला. त्या सगळ्या गदारोळात साबणाचा आणि वाइनचा बारकोड एकाच यंत्रावर मारणारी मुलगी वय कसं पडताळणार, हा प्रश्न मी कुठं वाचला नाही.

मुलगी म्हटलं म्हणून सांगतो. बाईनं दारू विकावी का, यावर आपल्याकडं भुवया अजून वर जातात. पंजाबच्या अबकारी कायद्यात बायकांना आणि पंचविशीच्या आतल्या पुरुषांना बारमध्ये कामाला ठेवायची बंदी होती. सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये अनुज गर्ग खटल्यात बायकांवरची बंदी टिकू दिली नाही. मुंबईत शतभी बसूंसारख्या बाईनं बारटेंडिंगची शाळाच काढली. तिथं शिकलेली पोरं पंचतारांकित हॉटेलांत जातात. आमच्या भागातल्या परमिट रूमचा पोरगा तिथं जाणार नाही, त्याला कॉकटेल नकोत. त्याला हवंय ते मराठीत, थोडक्यात, पगारातून पैसे न कापता.

या पुस्तिकेला विरोध होणार आणि तो कुणाकडून हे मला पक्कं ठाऊक आहे. एका मावशींना हा विचार बोलून दाखवला. 'उभी बाटली, आडवी बाटली'च्या मतदानासाठी सह्या गोळा केलेल्या बाई. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लागतं आणि निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद, असा 2008 चा नियम आहे. गावातल्या सगळ्या बायका मोजतात, आलेल्या नव्हे, हे त्यातलं अवघड कलम. मावशी म्हणाल्या, "पोरांना शिकवून काय करताव? दुकानच उचला की." याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते शोधायचीही मला गरज वाटत नाही. जिथं बाटली आडवी होते तिथं दुकान उठावं. पण वर्धा 1975 पासून कोरडा जिल्हा आहे, गडचिरोली 1993 पासून, आणि चंद्रपूरची 2015 ची बंदी सहा वर्षांत उठली. बाकी महाराष्ट्रात दुकानं आहेत आणि आज संध्याकाळी उघडणार आहेत. तिथं जाळीमागं उभा राहणारा उद्या सकाळपर्यंत तोच राहणार. मावशींना एवढं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्याला एक शिकवा. उधार द्यायचं नाही." ते सहाव्या प्रकरणात घातलंय.

मालकांचं म्हणणं वेगळं: पोरगा तीन महिन्यांत सोडून जातो, खर्च कोण करणार? खरं आहे. म्हणून मी सुचवतो ते एवढंच की नोकरनाम्याला आणखी एक ओळ जोडावी, अमुक तारखेला दोन तास शिकवलं, आणि ती माणसाबरोबर पुढच्या नोकरीला जावी. कंडक्टरचा बिल्ला जातो तशी. खातं हे कधी करेल ते करेल.

तोवर ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी तिसरं प्रकरण सोडून थेट चौथ्याला हात घातला तरी चालेल. शेवटच्या पानावर क्वार्टर, नव्वद, लार्ज आणि बिअरचा तासांचा तक्ता आहे. तो फाडून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावा. गिऱ्हाइकाला दिसणार नाही आणि मालकाला विचारावं लागणार नाही, एवढाच तो मोठा छापायला सांगितलाय.

— येडशी